पूर्ववत होणे आणि नवे होणे

शास्त्रवाचन : २ राजे, अध्याय २२ व २३, फिलेमोनाला पत्र



उज्जैन शहराच्या कडेला, क्षिप्रा नदीजवळ, भैरवगढ नावाची जुनी वस्ती आहे. लाकडी ठशांची छपाई आणि मेणाचे बाटिक काम यांसाठी ती दूरवर ओळखली जाते. उज्जैनच्या बाटिक कामाला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रथम कापड धुऊन त्यातील खळ काढतात. मग मेण तापवून पातळ करतात आणि कुंचल्याने, कलमाने किंवा ठशाने ते कापडावर उतरवतात. ज्या जागी मेण बसले त्या जागी रंग शिरत नाही. त्यानंतर कापड थंड रंगात बुडवतात, कारण रंग ऊन असेल तर मेणच वितळून जाईल. फिका रंग आधी, गडद रंग मागाहून, आणि दोहोंच्या मध्ये पुन्हा मेण. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घालतात, मेण सुटून वर येते आणि नक्षी दिसू लागते. मेण निघून जाते, रंग मात्र राहतो. एकदा सुताने रंग पिऊन घेतला की ते कापड पुन्हा कोरे होत नाही.

याच्या अगदी उलट वस्तू आज आपल्या घरांत, कचेऱ्यांत आणि कित्येक मंडळ्यांच्या दप्तरातही आहे. संगणक सुरू केला म्हणजे पडद्यावर जी पहिली मांडणी दिसते तिला डेस्कटॉप म्हणतात, म्हणजे मेजाचा वरचा भाग. कचेरीतील मेजावर असतात तसे कागद व फायली चित्ररूपाने पडद्यावर मांडण्याची ही कल्पना १९८१ साली झेरॉक्स कंपनीने आपल्या स्टार नावाच्या संगणकात बाजारात आणली. १९८४ साली अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशने ती लोकप्रिय केली, आणि १९९५ साली विंडोज ९५ आल्यानंतर ती आपल्या देशातही सर्वांच्या परिचयाची झाली.

आता मेज म्हटले की प्रत्येकजण ते आपल्या सोयीने मांडणार. कोणी मागचे चित्र बदलतो, कोणी अक्षरे मोठी करतो, कोणी खालची पट्टी उचलून बाजूला नेतो, कोणी रोज एक नवे चिन्ह आणून ठेवतो. एकाच संगणकावर चार हात काम करीत असले तर विचारूच नये. शेवटी एक दिवस असा येतो की हवी ती वस्तू सापडत नाही, पट्टी नाहीशी झालेली असते, आणि माणूस वैतागून म्हणतो, "मला काही नको, पूर्वी होते तसे करून द्या." नवा संगणक हाती आला तेव्हा जी मांडणी होती तिला डिफॉल्ट म्हणतात. आणि संगणकाला ती परत आणता येते. थोडी खटपट केली की सर्व पूर्ववत होते.

वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांच्या मनात हेच वाक्य स्वतःच्या जीवनाविषयी आलेले नाही? "देवा, पूर्वी होते तसे करून दे. लग्नाच्या पहिल्या वर्षांत घर होते तसे. दारू घरात शिरण्यापूर्वी होते तसे. भावाभावांत जमिनीचा वाद सुरू होण्यापूर्वी होते तसे." तेव्हा प्रश्न असा आहे की माणूस संगणकासारखा आहे की कापडासारखा? तो पूर्ववत होतो काय? याचे उत्तर आपण शास्त्रातून शोधू या.

१. मूळ मांडणी नष्ट झालेली नसते

डेस्कटॉप पूर्ववत कसा होतो, हे आधी पाहू. लिनक्स या पद्धतीच्या संगणकांत हे फार स्पष्ट दिसते. तेथे मूळ मांडणी यंत्रणेच्या स्वतःच्या जागेत ठेवलेली असते, आणि साध्या वापरणाऱ्याला तेथे काही लिहिण्याची मुभा नसते. त्याने केलेले सगळे बदल त्याच्या स्वतःच्या घरात, म्हणजे त्याच्या नावाच्या कप्प्यात, एका लपलेल्या जागी लिहिले जातात. संगणक आधी मूळ मांडणी वाचतो आणि तिच्यावर हे बदल पांघरतो. म्हणून पूर्ववत करणे म्हणजे मूळ मांडणी नव्याने घडवणे नव्हे. वरचे बदल बाजूला केले की खालची मांडणी आपोआप दिसू लागते. ती तेथेच होती. आपण तिच्यावर कितीही थर चढवले तरी आपला हात तिच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता.

आता योशीया राजाचा वृत्तांत उघडा. तो आठ वर्षांचा असताना गादीवर बसला. त्याचा आजा मनश्शे याने पंचावन्न वर्षे राज्य केले होते आणि तेवढ्या काळात परमेश्वराच्या मंदिराचे रूप पालटून गेले होते. दोन्ही अंगणांत परक्या दैवतांच्या वेद्या होत्या, आत अशेरेची मूर्ती होती, सूर्याला वाहिलेले घोडे प्रवेशद्वाराशी होते. यांतील प्रत्येक वस्तू कोणीतरी कधीतरी आपल्या सोयीने आणून ठेवलेली होती. लोकांना तर तेच मंदिर मूळचे वाटत असावे, कारण पन्नास वर्षांखालच्या माणसाने दुसरे काही पाहिलेलेच नव्हते.

योशीयाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी निघाली. सुतार, गवंडी कामाला लागले. आणि त्या कामात हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. कोठे सापडला? परदेशात नव्हे, राजाच्या खजिन्यात नव्हे, तर मंदिरातच. इतकी वर्षे याजक त्याच्या जवळून ये-जा करीत होते. शाफान चिटणीसाने तो राजापुढे वाचला तेव्हा राजाने आपली वस्त्रे फाडली.

आपल्यासाठी यात मोठा दिलासा आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे घडवले, आणि पापात पडल्यानंतरही शास्त्र मनुष्याविषयी हीच भाषा बोलत राहते. जलप्रलयानंतर नोहाशी बोलताना ती आहे (उत्पत्ती ९:६), आणि याकोबाच्या पत्रातही आहे (याकोब ३:९). आपण आपल्या घरात काय वाटेल ते लिहिले असेल, पण निर्माणकर्त्याने जेथे लिहिले आहे तेथे आपला हात पोहोचत नाही. म्हणून कोणाही माणसाविषयी, "याच्यात आता काही उरले नाही," असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२. काय काढावे आणि काय ठेवावे

संगणक जाणणारा शहाणा मनुष्य पूर्ववत करण्यापूर्वी दोन गोष्टी करतो. एक, महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवतो. दोन, बदल लिहिलेला कप्पा एकदम पुसून टाकीत नाही, तर त्याचे नाव बदलून बाजूला ठेवतो, म्हणजे चुकून काही उपयोगाचे गेले तर परत घेता येते. विंडोज १० मध्ये संपूर्ण संगणक पूर्ववत करू लागले तर आरंभीच प्रश्न येतो : तुमच्या फायली ठेवायच्या, की सर्व काही काढून टाकायचे? हा प्रश्न न वाचता घाईने पुढे जाणाऱ्याची वर्षानुवर्षांची पत्रे आणि छायाचित्रे नाहीशी होऊ शकतात.

योशीयाने पुष्कळ काही जाळले आणि फोडले, परंतु मंदिर पाडले नाही. उलट त्याची डागडुजी केली. आणि काय काढायचे हे त्याने आपल्या मनाने ठरवले नाही. आधी ग्रंथ वाचला, मग हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून परमेश्वराला विचारले, मग लहानथोर सर्व लोकांना एकत्र करून त्यांच्या कानी तो ग्रंथ घातला, आणि त्यानंतर हातोडा उचलला. आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा हातोडा पहिल्याने येतो आणि ग्रंथ शेवटी.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. आपण ज्याला मूळ म्हणतो ते खरोखर मूळ असते काय? २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या पडद्यावर एक हिरवी टेकडी आणि निळे आकाश दिसे. अनेकांनी तो संगणक मूळ स्थितीत आणला की ती टेकडी परत येई. ते चित्र म्हणजे खरे छायाचित्र आहे. १९९६ च्या जानेवारीत चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात टिपले. परंतु ती टेकडी नेहमीच तशी नव्हती. तेथे द्राक्षमळा होता. वेलींच्या मुळांना कीड लागली, वेली उपटाव्या लागल्या, आणि मोकळ्या जमिनीवर गवत उगवले. कोट्यवधी लोकांनी ज्याला मूळ चित्र मानले ते एका उपटलेल्या मळ्याचे चित्र होते.

आपल्या मंडळीतील वादांना हे लावून पाहा. "जुनी उपासना परत आणा," असे एक पक्ष म्हणतो. जुनी म्हणजे किती जुनी? १८१३ साली मुंबईत अमेरिकन मिशनरी आले, आणि मिशनांबरोबर पाश्चात्त्य चाली आपल्याकडे आल्या. पुढे नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि त्यांनी आपल्या मातीतील चालींत ख्रिस्ताची गीते दिली. त्या काळी ती नवी होती. आज तीच 'उपासना संगीता'तील जुनी गीते म्हणून आपण डोळे मिटून गातो. तेव्हा वडील मंडळींनी आपल्या बालपणीच्या रीतीला देवाची मूळ आज्ञा समजू नये, आणि तरुणांनीही जुने ते सर्व अडगळ समजू नये. दोघांनी मिळून ग्रंथ उघडावा. तेथे जे सापडेल ते मूळ. बाकी सर्व मांडणी आहे, आणि ती प्रीतीने ठेवता येते, प्रीतीने बदलताही येते.

३. पूर्ववत करूनही जे परत येत नाही

योशीयाचा वृत्तांत येथेच संपला असता तर सोपे झाले असते. त्याने वल्हांडण सण असा पाळला की शास्त्यांच्या काळापासून तसा कोणी पाळला नव्हता. त्याच्यासारखा राजा आधी झाला नाही, नंतरही झाला नाही, असे शास्त्र म्हणते. आणि लगेच पुढच्या वचनात सांगते की तरीही मनश्शेच्या कृत्यांमुळे पेटलेला कोप शमला नाही (२ राजे २३:२६). मनश्शेने यरुशलेमेत निर्दोषांचे रक्त वाहवले होते. वेद्या फोडता आल्या, रक्त परत आले नाही.

ही गोष्ट संगणकालाही लागू आहे. मांडणी पूर्ववत केली की चिन्हे जागेवर येतात, पट्टी खाली येते, रंग मूळचा होतो. पण जी फाईल त्या आधीच कायमची पुसली गेली आणि जिची प्रत कोठेच नाही, ती या खटपटीने परत येत नाही. मांडणी वेगळी आणि मजकूर वेगळा.

म्हणून पश्चात्ताप केलेल्या माणसाला आपण खोटा दिलासा देऊ नये. ज्याने बायकोला वर्षानुवर्षे मारले, ज्याने मंडळीचा पैसा खाल्ला, त्याला देव क्षमा करतो, हे सत्य आहे. पण त्या बायकोला, "आता विसरून जा, काही झालेच नाही असे समज," असे सांगणे सत्य नव्हे. तिच्या आयुष्याने तो रंग प्यालेला आहे. जक्कय हे बरोबर समजला होता. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा त्याने नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देण्याचे त्याने उभे राहून कबूल केले. जे परत देता येते ते देणे, आणि जे देता येत नाही त्याची जबाबदारी मान खाली घालून मान्य करणे, हे पश्चात्तापाचे फळ आहे.

मग योशीयाची सुधारणा व्यर्थ गेली काय? नाही. पण ती पुरेशी नव्हती. त्याच योशीयाच्या तेराव्या वर्षी एका तरुणाला परमेश्वराचे वचन येऊ लागले होते. त्याचे नाव यिर्मया. मंदिर साफ झालेले त्याने पाहिले, आणि लोकांची मने जशीच्या तशी राहिलेली पाहिली. म्हणूनच पुढे त्याच्या मुखाने परमेश्वराने नव्या कराराची घोषणा केली : आता नियम मंदिरातील ग्रंथात राहून विसरला जाणार नाही, तर तो लोकांच्या अंतर्यामी, त्यांच्या हृदयावर लिहिला जाईल (यिर्मया ३१:३१–३४). जेथे मनुष्याचा हात पोहोचत नाही आणि देवाचा पोहोचतो, तेथेच हे काम व्हावयास हवे.

४. पूर्वीपेक्षा अधिक

नव्या करारात हे कसे घडते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण एका लहानशा पत्रात आहे. ओनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो मालकापासून पळाला होता असे सामान्यतः समजले जाते, आणि त्याने काही नुकसान केले असण्याची शक्यता पौल स्वतःच बोलून दाखवतो. बंदिवासात असलेल्या पौलाच्या द्वारे त्याचा पालट झाला, आणि पौल त्याला परत पाठवतो.

पौलाला सहज लिहिता आले असते, "याला पूर्ववत ठेवून घे." तसे झाले असते तर ओनेसिम पुन्हा दास झाला असता, कारण पूर्वी तो दासच होता. पण पौल पूर्वस्थिती मागत नाही. तो सांगतो की याला आता दास म्हणून नव्हे, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकार, आणि मला स्वीकारशील तसाच स्वीकार. आणि नुकसानीचे काय? तेही तो नजरेआड करीत नाही. ते माझ्या नावावर मांड, असे तो आपल्या हाताने लिहून देतो. येथे कर्ज पुसले गेले असे नाही, ते दुसऱ्याने आपल्या अंगावर घेतले. वधस्तंभाचा सगळा अर्थ या एका ओळीच्या हिशेबात आहे.

धाकटा पुत्र घरी परतला तेव्हाही असेच झाले. मोलकऱ्याची जागा मिळाली तरी पुरे, असे मनाशी ठरवून तो आला होता. बापाने झगा, अंगठी आणि मेजवानी दिली. आणि पुनरुत्थित प्रभूच्या देहाकडे पाहा. देवाला ते हात जखमेच्या खुणांवाचून उठवता आले नसते काय? पण खुणा राहिल्या, आणि त्याच पाहून थोमाचा विश्वास जागा झाला. बाटिकचे काम करताना मेणाला बारीक तडे जातात आणि त्यांतून रंग शिरतो. कापडावर शिरांसारख्या रेघा उमटतात. जाणकार त्याला दोष म्हणत नाही, बाटिकची ओळख म्हणतो. आणि त्याच कापडावर जे पांढरे दिसते ते कोणी रंगवलेले नसते. ते कापडाचे स्वतःचे मूळ पांढरेपण असते, सगळ्या बुडवण्यांतून मेणाखाली राखलेले. देवही असेच काम करतो. जे राखायचे ते तो राखतो, आणि जे रंगले ते फेकून न देता आपल्या नक्षीत घेतो.

भैरवगढातच उज्जैनचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथून आणि देशातल्या प्रत्येक कारागृहातून माणसे शिक्षा भोगून बाहेर पडत असतात. कोठल्या तरी मंडळीच्या बाकावर त्यांतला एखादा येऊन बसतो. फिलेमोनाचे पत्र त्याच्या एकट्याला नव्हे, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेले आहे, हे आपण विसरू नये. ओनेसिम दारात उभा राहिला तेव्हा सर्व मंडळीची परीक्षा होती. आपल्या दारातही ती आहे. अशा माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी दानाची पेटी द्यावी असे कोणी म्हणत नाही. विश्वास हळूहळू वाढतो आणि तो वाढू देणे शहाणपणाचे आहे. पण त्याच्या शेजारी जाऊन बसणे, त्याला नावाने हाक मारणे, जेवायला बोलावणे, यासाठी कोणत्याही ठरावाची वाट पाहावी लागत नाही.

५. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

विंडोजमध्ये २००० सालापासून एक सोय आहे. संगणक नीट चालत असताना त्या स्थितीची एक खूण नोंदवून ठेवता येते. पुढे बिघाड झाला तर यंत्रणा त्या खुणेपर्यंत मागे नेता येते. पण अट एकच : खूण बिघाडाच्या आधी ठेवलेली असली पाहिजे.

शिक्षकहो, तुमचे काम हेच आहे. आठ-दहा मुलांच्या वर्गात पाठ केलेले स्तोत्र, शांतपणे सांगितलेली योसेफाची गोष्ट, एखाद्या मुलासाठी नाव घेऊन केलेली प्रार्थना, या त्या खुणा आहेत. वीस वर्षांनी दूरच्या शहरात एखादा मनुष्य आपल्या जीवनाचा पसारा पाहून हताश होईल, तेव्हा परतण्यासाठी त्याला एक जागा आठवेल. इफिसच्या मंडळीलाही प्रभूने प्रथम हेच सांगितले की आपण कोठून पडलो याची आठवण कर (प्रकटीकरण २:४–५). ज्याला आठवण्यासारखे काही दिलेलेच नाही, तो काय आठवणार?

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

(१) योशीयाने हातोडा उचलण्यापूर्वी कोणत्या तीन गोष्टी केल्या?
(२) आपल्या मंडळीतील कोणती रीत शास्त्रातील आहे आणि कोणती केवळ आपल्या सवयीची आहे?
(३) क्षमा मिळाली तरी भरपाई का करावी? जक्कयाच्या उदाहरणावरून सांगा.
(४) पौलाने ओनेसिमासाठी पूर्वीची जागा न मागता अधिक मोठी जागा का मागितली?

प्रार्थना

हे निर्माणकर्त्या देवा, तू आमच्यावर जे लिहिले आहेस ते आमच्या पसाऱ्याखाली झाकले गेले आहे. जे काढावयाचे ते काढण्याचे धैर्य दे, जे राखावयाचे ते राखण्याची समज दे. ज्यांचे आम्ही नुकसान केले त्यांच्यापुढे आम्हांला खरे ठेव. आणि जो परत येऊन दारात उभा आहे, त्याला बंधू म्हणून आत घेण्याची कृपा कर. ज्याने आमचे देणे आपल्या नावावर घेतले, त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.